पेशी वारेची, प्रश्न बाळाचा

अनुवंशशास्त्रात मी गुणसूत्रांच्या ओढीने आले, पण प्रजननवैद्यकात अडकले ती स्त्रीबीजामुळे. शरीरातली दुसरी क्वचितच एखादी पेशी इतकी वर्षं थांबून राहते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या बीजपेशींचं अर्धसूत्री, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं, विभाजन सुरू होतं, गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि तिथेच सगळं थांबतं. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास या पेशी ६० ते ७० लाख असतात. जन्मापर्यंत त्यांतल्या १० ते २० लाख उरतात आणि पुढे आयुष्यभरात जेमतेम ४०० बीजं बाहेर पडतात. म्हणजे चाळिशीत बाहेर पडणारं बीज चाळीस वर्षं त्या अर्ध्या विभाजनात थांबलेलं असतं. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं सुरुवातीलाच बसवलेली असतात आणि ती नंतर फारशी नव्याने भरली जात नाहीत, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ती झिजली की जोडी वेळेआधी सुटते आणि बीजात एखादं गुणसूत्र जास्त राहतं किंवा कमी पडतं. वय वाढलं की गर्भपात का वाढतात, डाऊन सिंड्रोमची शक्यता का वाढते, याचं मोठं उत्तर इथे आहे. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हाच मी पीएचडीचा विषय ठरवला.

माझे गाईड फार बोलत नसत. पहिल्याच भेटीत म्हणाले, "आधी हात तयार कर. एका पेशीवर काम जमलं, तर बाकीचं आपण बघू."

तेव्हा आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर फलन करून, तयार केलेल्या तिसऱ्या दिवसाच्या, सहा-आठ पेशींच्या भ्रूणातून एक पेशी काढून आनुवंशिक आजारासाठी तपासायची पद्धत होती. पेशी काढायचं काम एम्ब्रियॉलॉजिस्टचं. माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं, त्याला आम्ही ट्यूबिंग म्हणायचो. काढलेली पेशी एका थेंबातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या थेंबात धुवायची आणि शेवटी पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राच्या, इवल्याशा ट्यूबमध्ये दोन-तीन मायक्रोलिटर द्रवात सोडायची. ती सोडतानाचा क्षण मायक्रोस्कोपखाली बघितला नाही, तर पेशी ट्यूबमध्ये पडली की पिपेटच्या काचेला चिकटून राहिली हे नंतर कळायला मार्ग नसतो. म्हणून पिपेटचं टोक द्रवात गेलं की श्वास रोखायचा, पेशी बाहेर पडताना डोळ्यांनी बघायची, मग तेच पिपेट परत स्वच्छ थेंबात उघडून बघायचं की मागे काही राहिलं नाही ना. शेवटच्या धुण्याच्या थेंबातला थोडा द्रव वेगळ्या ट्यूबमध्ये घ्यायचा. तो निगेटिव्ह कंट्रोल. त्यात काही वाढलेलं दिसलं, तर त्या बॅचचा निकाल द्यायचाच नाही.

इतकी काळजी घ्यायचं कारण साधं आहे. एका पेशीत जेमतेम साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो आणि प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. वाढवताना त्यांतली एक निसटली, तर दोषवाहक पेशी पूर्ण निरोगी दिसू शकते किंवा आजारी. याला अॅलील ड्रॉपआउट म्हणतात. त्यावर उपाय म्हणून दोषाच्या जागेबरोबर तिच्या दोन्ही अंगांच्या खुणा वाचायच्या आणि त्या आई, वडील, आजारी भावंडं यांच्याशी जुळवून बघायच्या. दुसरा धोका बाहेरच्या डीएनएचा. बीजाभोवतीची आईची एखादी क्युम्युलस पेशी किंवा कवचाला चिकटलेला एक शुक्राणू आला, तरी निकाल भलताच लागतो. एका पेशीने मला जी शिस्त लावली, ती पुढे कुठल्याही मशीनवर उपयोगी पडली.

या पद्धतीची सुरुवात १९९० ची. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अॅलन हँडिसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्राशी निगडित, मुख्यतः मुलग्यांना होणारे गंभीर आजार असलेल्या कुटुंबांसाठी भ्रूणातली एक पेशी घेऊन तिच्यात वाय गुणसूत्राचा तुकडा आहे का, एवढंच तपासलं. तुकडा दिसला तर मुलगा, नाही दिसला तर मुलगी. त्यातली कच्ची बाजू आम्हा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली होती: पीसीआर फसला तरी तुकडा दिसत नाही. पुरावा न मिळणं आणि पुरावा नसल्याचं सिद्ध होणं या दोन गोष्टी एका पेशीच्या बाबतीत किती वेगळ्या आहेत, हे मला त्या उदाहरणाइतकं दुसऱ्या कशानेच पटलं नाही.

एका जनुकाच्या आजारासाठी ही तपासणी खरोखर उपयोगी होती, आजही आहे. अडचण आली ती तिचा पसारा वाढल्यावर. आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येकीचा भ्रूण तपासला, चुकीच्या गुणसूत्रांचे भ्रूण बाजूला काढले, तर गर्भधारणा वाढेल असा सरळ हिशेब मांडला गेला. फिश तंत्राने, म्हणजे प्रोब नावाचे चमकणारे डीएनएचे तुकडे चिकटवून, पाच ते नऊ गुणसूत्रं रंगवून मोजायची, तीही एकाच पेशीत. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या सेबॅस्टियन मास्टेनब्रुक आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रियांवरचा यादृच्छिक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ आठवड्यांपर्यंत टिकलेल्या गर्भधारणेचं प्रमाण तपासणी न केलेल्या गटात ३७ टक्के होतं आणि तपासणी केलेल्या गटात २५ टक्के. आमच्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे नव्या शोधनिबंधांवरच्या चर्चेत, त्या दिवशी बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग वाद सुरू झाले: पेशी काढण्याने इजा होते का, प्रोब कमी पडले का, हात अनुभवी नव्हते का. यातलं थोडं थोडं सगळंच खरं असेल. पण मुख्य कारण मला नंतर दिसलं, २००९ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेनमधून आलेल्या अभ्यासात. तरुण, प्रजननक्षम जोडप्यांच्या भ्रूणांतली जवळजवळ प्रत्येक पेशी त्यांनी स्वतंत्रपणे वाचली आणि एकाच भ्रूणातल्या पेशी आपसात जुळत नव्हत्या. पहिल्या दोन-तीन विभाजनांत भ्रूण स्वतःची जनुकं अजून नीट चालू करत नाही, आईने बीजात भरून ठेवलेल्या साठ्यावर चालतो आणि चुका पकडणारी यंत्रणा ढिली असते. अशा वेळी आठातली एक पेशी उचलून बाकी सातांबद्दल निकाल देणं मुळातच धाडसाचं होतं.

यानंतर तपासणी पाचव्या दिवसावर गेली. पाचव्या दिवसाचा भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, हा शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा असतो. आत एका बाजूला चिकटलेला पुंजका, त्यातून बाळ घडतं. बाहेरचं अस्तर ते ट्रोफेक्टोडर्म, त्यातून पुढे वार, म्हणजे प्लॅसेंटा, तयार होते. बायोप्सी या अस्तराची होते, पाच ते दहा पेशींची. आतल्या पुंजक्याला कोणी हात लावत नाही, लावूही नये. पेशी जास्त, त्यामुळे डीएनए जास्त, आणि भ्रूणाला इजा कमी. त्यात नवीन सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याचं तंत्र, आलं आणि सगळी गुणसूत्रं एका आलेखात दिसू लागली. प्रत्येक गुणसूत्रासाठी ठिपक्यांची एक पट्टी, दोन प्रती असतील तर दोनच्या रेषेवर, तीन असतील तर तीनच्या.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, काळात असे आलेख मी रोज बघत असे. बहुतेक स्वच्छ असायचे. पण काहींत एखादी पट्टी दोन आणि तीनच्या मधे तरंगायची. अडीच, कधी २.३. एका पेशीत अडीच प्रती असूच शकत नाहीत. म्हणजे घेतलेल्या पेशींपैकी काहींत दोन आहेत, काहींत तीन, किंवा वाढवताना काही गडबड झाली आहे. पेशींच्या अशा मिश्रणाला मोझेक म्हणतात. अशा भ्रूणाचं काय करायचं हा प्रश्न लॅबचा राहत नाही, कारण कधी कधी त्या जोडप्याकडे तेवढा एकच भ्रूण असतो.

मी समुपदेशनाला बसू लागले ती याच कारणासाठी. एका बाईंनी आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मॅडम, या पाच-सहा पेशी माझ्या बाळाच्या आहेत का?" मी म्हटलं, "नाही. त्यांची पुढे वार झाली असती." त्या म्हणाल्या, "मग बाळाचं काय ते तुम्हाला अजून माहीत नाही." मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. २०१५ मध्ये इटलीतल्या एका गटाने असेच मोझेक भ्रूण १८ स्त्रियांच्या गर्भाशयात सोडले आणि सहा निरोगी बाळं जन्मली, असा अहवाल दिला. त्यानंतर मोझेक भ्रूण सरसकट टाकून देणं हळूहळू थांबलं. मला त्या अहवालाचा खूप आनंद झाला होता. पण बाईंचा प्रश्न माझ्याबरोबरच राहिला आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्याने ठरवली, असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे. मी ज्या पेशींवरून बाळाबद्दल बोलत होते, त्या बाळाच्या नव्हत्या.

याच सुमारास मला एका बायोटेक कंपनीतून विचारणा झाली. तिथे आईच्या रक्तावरून गुणसूत्रांची तपासणी विकसित होत होती, म्हणजे एनआयपीटी. तिचा पाया १९९७ चा. डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी मुलगा पोटात असलेल्या मातांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवात, वाय गुणसूत्राचे तुकडे दाखवले. २००८ मध्ये लो यांचा हाँगकाँगमधला गट आणि स्टॅनफर्डमधला स्टीफन क्वेक यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्लाझ्मातले लाखो तुकडे वाचून कुठला तुकडा कुठल्या गुणसूत्राचा ते मोजलं, तर डाऊन सिंड्रोम ओळखता येतो. २०११ पासून ही चाचणी बाजारात आली. मला त्यातली ओढ वेगळीच होती. प्लाझ्मातला हा तथाकथित गर्भाचा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, वारेच्या मरणाऱ्या पेशींतून. म्हणजे ज्या अस्तरातून मी पाचव्या दिवशी पेशी घेत होते, त्याचेच वंशज दहाव्या आठवड्यात आईच्या रक्तात आपले तुकडे सोडत होते. ऊती तीच होती, मी फक्त काही आठवडे पुढे सरकले. विद्यापीठातल्या काही सहकाऱ्यांना वाटलं मी संशोधन सोडलं. मला एकदाही तसं वाटलं नाही.

या चाचणीचं गणित मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. प्लाझ्मातल्या एकूण तुकड्यांपैकी साधारण १० टक्के वारेचे असतात, बाकी आईचे. बाळाला २१ वं गुणसूत्र जास्त असेल, म्हणजेच डाऊन सिंड्रोम असेल, तर त्या १० टक्क्यांतला २१ चा वाटा दीडपट होतो. म्हणजे एरवी २१ चे १०० तुकडे मिळाले असते, तिथे १०५ मिळतात. एवढ्याशा फरकावर निकाल द्यायचा असतो, म्हणून लाखो तुकडे वाचावे लागतात. वारेचा वाटा १० ऐवजी ४ टक्के असेल, तर १०५ चे १०२ होतात आणि फरक गोंगाटात बुडू लागतो. बऱ्याच लॅब ४ टक्क्यांच्या आसपास रेषा आखतात ती यामुळे. रक्त काढल्यावर ते तसंच पडून राहिलं, तर आईच्या पांढऱ्या पेशी फुटतात, तिचा डीएनए बाहेर येतो आणि वारेचा वाटा आपोआप घटतो. म्हणून पेशी टिकवून धरणाऱ्या खास ट्यूब, दोनदा सेंट्रीफ्यूज (वेगाने फिरवून थर वेगळे करणं), आणि दुसऱ्या खेपेला पिपेटचं टोक तळाच्या थराला अजिबात लागू द्यायचं नाही. एका पेशीच्या काळातले हात इथे पुन्हा कामी आले.

कंपनीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते व्हॅलिडेशनने, म्हणजे रुग्णांसाठी वापरण्याआधी चाचणीची खात्री करण्याच्या प्रक्रियेने. संशोधनात रन, म्हणजे चाचणीची एक फेरी, बिघडला की आपण कारण शोधतो आणि पुन्हा करतो. ते चुकीचं नाही, शोध तसाच लागतो. पण रुग्णाच्या चाचणीत कुठला रन बिघडलेला मानायचा, हे नमुने उघडण्याआधी लिहून ठेवावं लागतं. किती रीड्स (वाचलेले तुकडे) कमीत कमी हवेत, कंट्रोल किती हलला तर चालेल, कुठल्या आकड्याच्या पुढे पॉझिटिव्ह म्हणायचं, हे सगळं कागदावर येतं, त्यावर सह्या होतात, सॉफ्टवेअर कुलूपबंद होतं. मग ज्यांचं उत्तर दुसऱ्या कोणाकडे आहे असे नमुने येतात. उत्तर बघून मग रेषा सरकवण्याचा मोह माणसाला किती सहज होतो, हे मी अनेक चांगल्या शास्त्रज्ञांत पाहिलं आहे. त्यामुळे या कागदपत्रांना कंटाळवाणं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

खरा झगडा झाला तो निकाल न देण्यावरून. वारेचा वाटा कमी असेल तर आम्ही निकाल देत नसू. विक्री विभागाला ते आवडत नव्हतं. डॉक्टर तक्रार करतात, दुसऱ्या लॅब सगळ्यांना निकाल देतात, रेषा खाली आणा, असा आग्रह होता. त्यांची अडचण मला समजत होती. रक्त पुन्हा द्यायला लागणाऱ्या बाईची घालमेल खरीच असते. पण आईचं वजन जास्त असेल तर वाटा कमी येतो, तसाच तो १३ किंवा १८ व्या गुणसूत्राच्या ट्रायसोमीतही, म्हणजे दोनऐवजी तीन प्रती असतानाही, कमी येऊ शकतो, कारण तिथे वारच लहान राहते. म्हणजे न लागलेला निकाल ही रिकामी जागा नसते, त्यातही माहिती असते. ती झाकून सगळ्यांना निगेटिव्ह देणं म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच धीर देऊन घरी पाठवणं. मी हे बैठकीमागून बैठकीत मांडलं. रेषा राहिली आणि प्रत्येक रिपोर्टवर वारेच्या डीएनएचा वाटा छापायचं ठरलं.

दुसरा मुद्दा पॉझिटिव्ह निकालाचा. समजा चाचणी १०० पैकी ९९ बाधित गर्भ पकडते आणि निरोगी १००० गर्भांत एकदाच चुकते. ऐकायला हे जवळजवळ अचूक वाटतं. आता १,००,००० स्त्रिया घ्या ज्यांच्यात आजाराचं प्रमाण १००० त १ आहे. बाधित १००, त्यातले ९९ सापडले. निरोगी ९९,९००, त्यातले सुमारे १०० चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्या गर्भांना काहीच झालेलं नाही. हीच चाचणी १०० त १ प्रमाण असलेल्या, म्हणजे वयाने मोठ्या स्त्रियांच्या गटात केली, तर दहांतले नऊ पॉझिटिव्ह खरे ठरतात. आणि १०,००० त १ असणाऱ्या दुर्मीळ मायक्रोडिलीशनसाठी, म्हणजे गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाल्याच्या दोषासाठी, वापरली, तर अकरांतला एक. चाचणीत काहीही बदललेलं नसतं, बदलते ती विचारणारी बाई. पॅनलमध्ये, म्हणजे तपासायच्या आजारांच्या यादीत, आणखी आजार घालण्याचा दबाव आला तेव्हा मी हेच तीन हिशेब फळ्यावर मांडत असे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये फक्त या चाचण्यांच्या निकालांवर निर्णय घेऊ नका असा जाहीर इशारा दिला, तो याच गणितामुळे.

शिवाय वार आणि बाळ दर वेळी सारखे नसतात. वारेचा नमुना थेट घेतला तरी शंभरात एक-दोन वेळा दोष फक्त वारेत सापडतो, बाळात नसतो. म्हणून पॉझिटिव्ह निकालानंतर गर्भजल तपासणी, कारण त्या पेशी बाळाच्या असतात. कधी सुरुवातीलाच विरघळून गेलेल्या जुळ्याचा डीएनए दिसतो, कधी आईच्या स्वतःच्या रक्तपेशींतून गळालेलं एक्स गुणसूत्र. आणि काही वेळा, अनेक गुणसूत्रं एकदम विस्कटलेली दिसतात तेव्हा, आईला न कळलेला कर्करोग असू शकतो. २०१५ मध्ये डायना बियांकी आणि सहकाऱ्यांनी अशा माता नोंदवल्या. असा आलेख समोर आल्यावर त्या बाईच्या डॉक्टरांना फोन करायचा असतो, ईमेल पुरत नाही. तो फोन लॅबच्या प्रमुखाने करायचा असा आमचा नियम आहे, आणि आजवर तो मी दुसऱ्या कोणावर सोपवलेला नाही.

नवीन मुलं मला विचारतात की आता डीएनएवरून भ्रूणांच्या भावी उंचीचा, बुद्धीचा अंदाज देणारे गुणांक काढण्यात पैसा आहे, तुम्ही तिकडे का जात नाही. २०१९ मध्ये एका गटाने हिशेब करून दाखवला की एका जोडप्याच्या दहा भ्रूणांतून सर्वांत वरचा निवडला तरी उंचीत सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपासच फरक अपेक्षित आहे, आणि प्रत्यक्षात तेवढाही मिळेलच असं नाही. एवढ्यासाठी कुणाला स्वप्न विकायला मी तयार नाही. त्यापेक्षा हिमोफिलियाच्या किंवा थॅलेसेमियाच्या एका कुटुंबाचं काम नीट करण्यात माझा दिवस सार्थकी लागतो.

सध्या आम्ही भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्या द्रवातला डीएनए वाचायचा प्रयत्न करतोय. बायोप्सीच करायची नाही, भ्रूण दुसऱ्या थेंबात हलवल्यावर उरलेला द्रव घ्यायचा. कल्पना सुंदर आहे आणि अडचण ओळखीची. त्या द्रवात बीजाभोवतीच्या क्युम्युलस पेशींचा, म्हणजे आईचा, डीएनए असतो. तो जास्त झाला तर निकाल येतो "नॉर्मल, स्त्री", आणि तो निकाल आईचा असतो. भ्रूणात काय आहे ते तसंच राहतं. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्याबरोबर आई-वडिलांचा डीएनए वाचतो आणि द्रवात आईचा वाटा किती ते आधी मोजतो. तो वाटा मोजता आला नाही किंवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर त्या भ्रूणावर निकाल लिहायचा नाही, हे कलम व्हॅलिडेशनचा पहिला नमुना उघडण्याआधीच आराखड्यात घातलं आहे. त्यावर माझ्यासह टीममधल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि यावेळी विक्री विभागाचीही.